कटक, कडा आणि समुद्रातला वरंबा

प्रश्न असा आलाय: ‘मध्य-महासागरी कटक’ यातलं कटक म्हणजे काय, आणि ओडिशातल्या कटक शहराशी त्याचा काही संबंध?

आधी एक खटकणारी गोष्ट. मध्य-महासागरी कटक म्हणजे महासागरांच्या तळाशी असलेली लांबलचक डोंगररांग. ती ‘भूपट्ट’ (पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे प्रचंड तुकडे) ‘आदळून’ तयार झाली, असं सर्रास ऐकू येतं. आदळून हिमालय होतो! इथे भूपट्ट एकमेकांपासून दूर सरतात आणि मधल्या फटीतून वर आलेल्या लाव्ह्याचा नवा समुद्रतळ बनतो.

आता कटक. छावणी, सैन्य हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, शहराचं नावही त्यातलंच. खरी गंमत डोंगराच्या अर्थात आहे. अमरकोशात ‘कटकोऽस्त्री नितम्बोऽद्रेः’ असं आहे, म्हणजे डोंगराची उतरती बाजू. घोटकाचा घोडा झाला, कीटकाचा किडा झाला, तसाच कटकाचा कडा. ट मऊ होऊन ड झाला, शेवटचा क गळाला. रायगडावरचा हिरकणीचा कडा तो हाच. हातातलं कडंसुद्धा कटकच.

म्हणजे कटक ही डोंगराची कूस, माथा नव्हे! मग परिभाषाकारांनी इंग्रजी ‘मिड-ओशन रिज’मधल्या ‘रिज’साठी हा शब्द का उचलला? शेतीच्या पुस्तकात रिजला वरंबा म्हणतात. तोच रिज समुद्रात बुडाला की संस्कृत का बोलू लागतो? तिथेही वरंबाच म्हणावं, असं माझं मत.

‘वरंबा म्हणजे लोटलेल्या मातीचा ढिगारा, तिथे तसं काही नसतं’, असं एका जाणकारांनी मला सुनावलं. त्यांनी उसाची सरी पाडताना नीट पाहिलेलं नाही. नांगर मधून जातो, माती दोन्ही अंगांना सरते, मधे सरी राहते. अटलांटिकच्या तळाचे नकाशे काढताना अमेरिकन भूवैज्ञानिक मारी थार्प यांना १९५२ च्या सुमारास रांगेच्या ऐन माथ्यावर खोल दरी दिसली. ती सरीच! तिथूनच तळ दोन्ही अंगांना सरतो, वर्षाला जेमतेम २ ते ५ सेंटिमीटर. ‘कटक’ म्हटल्यावर यातलं काही डोळ्यांपुढे येतं का?

पूर्व प्रशांत महासागरात भूपट्ट भराभर सरतात, तिथे अशी खोल दरी नसते. तेवढ्यापुरता आक्षेप मला मान्य आहे. पण आपल्या अरबी समुद्रातली कार्ल्सबर्ग रांग सावकाश सरणारी, माथ्यावर दरी असलेली. तिला मी कार्ल्सबर्ग वरंबाच म्हणतो.