आजीच्या बोलण्याला आवाज देऊ नका

प्रश्न: ताई, माझ्या आईबाबांचं लग्न 1971 साली वाईला झालं. मुंबईच्या मामांनी त्याची सुपर 8 फिल्म काढली होती. नुकतीच ती डिजिटल करून घेतली, पण मुकी आहे. भाचा म्हणतो, एआयने आवाज परत आणता येतो. खरं का? फिल्ममध्ये आजी काहीतरी बोलताना दिसते, ते ऐकायची फार इच्छा आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर: तो आवाज परत येणार नाही. नवा लावता येईल, आणि बऱ्यापैकी लागेल.

चित्रातून खरा आवाज काढायचा प्रयोग झालेला आहे. 2014 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी वेफर्सच्या पाकिटाची थरथर काचेपलीकडून टिपली आणि खोलीतलं बोलणं ओळखू येईल इतपत ऐकवलं. पण त्यांचा कॅमेरा सेकंदाला हजारो फ्रेम घेत होता. सुपर 8 घेते साधारण 18. आजी काय बोलली, ते त्या पट्टीत नाहीच.

भाच्याच्या डोक्यात एमएमऑडिओसारखं, मुक्या चित्राला आवाज बनवून देणारं एखादं एआय साधन असणार. अशा साधनांना आवाजासकट असलेल्या लाखो क्लिप दाखवून कुठल्या हालचालीला काय शोभतं ते शिकवलेलं असतं. तुमची फिल्म पाहून ती अंदाज बांधतात. मी नाक मुरडत नाही. माझा धंदा फोलीचा, म्हणजे पडद्यावर कुणी चाललं की स्टुडिओत मी चालते. घोड्याच्या टापा आम्हीही करवंट्यांवरच वाजवल्या.

फरक एवढाच की मी आधी पायात काय आहे आणि खाली काय आहे ते बघते. शहाबादी फरशीवर कोल्हापुरी वहाण आली की आधी टाचेचा फटका बसतो, मग कातडं करकरतं, आणि नवीन जोडा असेल तर ती करकर पावलाच्याही पुढे धावते. यंत्राकडून मला त्याच जागी लाकडी जमिनीवरचे बूट मिळाले. सनईवाल्याला तर त्याने क्लॅरिनेटच्या जवळपासचं काहीतरी दिलं.

तेव्हा असं करा. आधी वेग तपासा. सेकंदाला 18 फ्रेमची फिल्म 25 ने पळवली असेल तर वऱ्हाड दुडूदुडू धावेल आणि पावलंही तशीच वाजतील. मग फिल्मचे आठेक सेकंदांचे तुकडे करा, एमएमऑडिओ तेवढ्याच लांबीवर शिकलेलं आहे. सूचना इंग्रजीत लिहा, आणि नको असलेल्या गोष्टींच्या रकान्यात संगीत आणि बोलणं हे दोन्ही टाका. भांडी, पावलं, गर्दीची गजबज एवढंच त्याच्याकडून घ्या. सनई-चौघडा खऱ्या रेकॉर्डिंगमधून लावा. जुळवताना आवाज चित्राच्या आधी येऊ देऊ नका, कानाला लगेच खटकतं. किंचित मागे राहिला तर खपतं. मूळ मुकी फाइल मात्र वेगळी जपा, आणि नव्या फाइलच्या नावातच ‘आवाज नंतर लावला’ असं लिहा. नाहीतर नातवंडं तोच खरा धरतील.

आजीच्या ओठांवर काही चढवू नका. ही साधनं बोलण्यासाठी घडवलेली नाहीत, पुटपुटल्यासारखं काहीतरी निघतं, आणि आजीच्या बाबतीत ते मला तरी सहन होणार नाही. त्यापेक्षा त्या मांडवात असलेलं घरातलं कुणी असेल, तर त्यांना फिल्म दाखवा आणि शेजारी मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. पंखा तेवढा बंद करा.