आपले प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे : जंत आणि प्रतिकारशक्ती

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या नातवाचे पोट वरचेवर दुखत असे. तपासणीत त्याच्या रक्तातील इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १२ टक्के आले आणि शौचात गोलजंतांची अंडी सापडली. सर्दीच्या विषाणूला आठवड्याभरात पिटाळून लावणारे शरीर वीतभर लांबीच्या जंताला महिनोन्महिने कसे राहू देते? पोटात जंत असलेल्यांना दमा आणि ॲलर्जी कमी होते, असे आमच्या जावयांनी वाचले आहे. मग जंताची गोळी द्यावी की नाही?
(एक आजी, धायरी, पुणे)

उत्तर : आजी, गोळी द्यायलाच हवी, हे आधी सांगते. तुमचा पहिला प्रश्न मात्र फार मोलाचा आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही.

जिवाणू किंवा विषाणू इतका लहान असतो की पांढऱ्या पेशी त्याला गिळून टाकू शकतात. गोलजंताची मादी २० ते ३५ सेंटिमीटरपर्यंत वाढते, त्यामुळे तिच्यापुढे हा उपाय चालत नाही आणि शरीराला तिला मारण्यापेक्षा बाहेर ढकलण्याचा मार्ग धरावा लागतो. आतड्याच्या अस्तरात टफ्ट नावाच्या विरळ पेशी असतात. जंताची चाहूल लागताच त्या इंटरल्यूकिन-२५ हे रसायन सोडतात, त्याने जाग्या झालेल्या पेशी इंटरल्यूकिन-१३ बनवतात, आणि मग आतड्यात चिकट स्राव वाढतो, अस्तराच्या पेशी भराभर बदलतात व स्नायू जोराने आकुंचन पावतात. टफ्ट पेशींचे हे काम उंदरांवरील प्रयोगांतून २०१६ मध्ये स्पष्ट झाले. आयजीई (ॲलर्जीतही वाढणारी) प्रतिपिंडे आणि तुमच्या नातवाच्या अहवालातील इओसिनोफिल हे याच फौजेचे भाग आहेत.

तरीही जंत टिकतो, कारण तो स्वस्थ बसलेला नसतो. त्याच्या अंगातून सतत प्रथिने पाझरतात आणि त्यांतील काही थेट आपल्या प्रतिकारयंत्रणेशी बोलतात. उंदराच्या आतड्यातील एका कृमीचे असे एक प्रथिन २०१७ मध्ये ओळखले गेले. आपल्याच शरीरातील टीजीएफ-बीटा या शांत करणाऱ्या रसायनाशी त्याची बांधणी जुळत नाही, तरी ते त्याच्याच ग्राहींना, म्हणजे पेशीवरील संदेश घेणाऱ्या जागांना, चिकटते आणि नियामक टी-पेशी तयार करवते. या पेशी लढाईचा जोर उतरवतात. मला यातले सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की या तहात शरीराचाही स्वार्थ असतो : पूर्ण ताकदीने आणि कायम लढत राहिल्यास जंतापेक्षा आतड्याचेच अधिक नुकसान होईल.

पण हा तह फुकटचा नाही. शांत झालेली यंत्रणा फक्त जंतापुरती शांत राहीलच असे नाही. इक्वेडोरमध्ये गोलजंत असलेल्या मुलांना कॉलऱ्याची तोंडावाटे द्यायची लस देण्यापूर्वी अल्बेंडाझोल हे जंतनाशक दिले, तेव्हा लसीला मिळणारा प्रतिसाद सुधारला. मुलाचे पोषण जंत वाटून घेतो आणि क्वचित जंतांचा गुंता आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येते, ते वेगळेच.

जावयांनी वाचलेले अगदी निराधार नाही. गॅबॉनमध्ये शाळकरी मुलांना दीर्घकाळ जंतनाशक दिल्यावर घरातील धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्यांविरुद्धची त्वचेची प्रतिक्रिया वाढल्याचे दिसले होते. परंतु अनेक अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये झालेल्या विश्लेषणात दम्याचा धोका अंकुशकृमी या दुसऱ्या जातीचे जंत असलेल्यांत कमी, तर गोलजंत असलेल्यांत उलट जास्त आढळला. तुमच्या नातवाला गोलजंतच आहेत. डुकरातील चाबूककृमीची अंडी औषध म्हणून देण्याचे प्रयोग क्रोन या आतड्याच्या दाहाच्या आजारात झाले, मात्र मोठ्या चाचण्यांत ती बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. म्हणून ॲलर्जी टाळण्यासाठी मुलाच्या पोटात जंत राहू देणे मला सर्वथा अयोग्य वाटते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. इओसिनोफिल सर्वाधिक वाढतात ते जंताची अळी आतड्यातून यकृतावाटे फुप्फुसांत जाऊन, घशाशी येऊन पुन्हा गिळली जाते त्या काळात. मोठा झालेला जंत आतड्यात असताना ते बहुधा उतरतात. त्यामुळे गोळीनंतरही आकडा चढाच राहिला, तर दमा, ॲलर्जी किंवा दुसरा कृमी यांचा शोध घ्यावा.

प्रश्न : गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही. मग गोळी घेऊनही जंत परत का होतात?
(एक पालक, हडपसर, पुणे)

उत्तर : गोवराचा विषाणू शरीराला कायमची ओळख देऊन जातो. जंत ओळख पटू देतो, पण तिचा उपयोग होऊ देत नाही, त्यामुळे जंतांविरुद्धची प्रतिकारशक्ती हळूहळू आणि अर्धवटच येते. गोळी पोटातल्या जंतांना मारते, पुढच्यांपासून राखण करत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली गोलजंताचे अंडे पित्तामुळे तांबूस-तपकिरी दिसते आणि त्यावरचे खडबडीत आवरण चिकट असते. ते मातीत वर्षानुवर्षे तग धरते आणि कोथिंबिरीच्या जुडीच्या मुळाशी असलेल्या मातीबरोबर घरात येऊ शकते. गिळलेल्या अंड्यापासून अंडी घालणारी मादी तयार व्हायला साधारण दोन ते तीन महिने पुरतात. म्हणूनच २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने, साधारणपणे फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोल दिले जाते. ती फेरी चुकवू नका, पालेभाजी मुळे कापून वाहत्या पाण्यात धुवा आणि मुलांची नखे वाढू देऊ नका.