विकत घेतलेलं गाणं गेलं कुठे? : वाचकांचे प्रश्न

नागपुरातलं धरमपेठ असो, महाल असो की मानेवाडा, प्रश्नांमागचा घोळ एकच असतो. गाणं विकत घेतलं होतं की महिन्याचे पैसे भरून नुसतं ऐकत होतो, हे लोकांच्या लक्षात राहत नाही. फोन बदलला, लॅपटॉप बिघडला की मग शोधाशोध सुरू होते. या वेळचे प्रश्न त्यातलेच आहेत.

प्रश्न : २०१३-१४ मध्ये आयट्यून्सवर बरीच मराठी आणि शास्त्रीय गाणी पैसे देऊन घेतली होती. आता नवा आयफोन घेतला, तर त्यात एकही दिसत नाही. पैसे बुडाले का? (धरमपेठ)

उत्तर : बहुतेक बुडाले नाहीत. फोनवर ‘आयट्यून्स स्टोअर’ नावाचं वेगळं ॲप असतं, ते उघडा. तुम्ही काढून टाकलं असेल तर ॲप स्टोअरवरून पुन्हा घ्या. त्यात ‘मोअर’, मग ‘पर्चेस्ड’, मग ‘म्युझिक’ आणि शेवटी ‘नॉट ऑन धिस आयफोन’ असं गेलात की जुनी यादी दिसेल. गाण्यासमोरच्या ढगाच्या चिन्हावर बोट ठेवलं की ते पुन्हा उतरतं, त्याचे पैसे लागत नाहीत.

यादीच रिकामी असेल तर तुम्ही दुसऱ्या ॲपल खात्याने आत गेला आहात. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त सापडणारं कारण हेच. त्या काळी खातं बहुधा ऑफिसच्या किंवा जुन्या याहूच्या ईमेलवर काढलेलं असतं. जुन्या ईमेलमध्ये आयट्यून्सच्या पावत्या शोधा. ज्या पत्त्यावर पावती आली, खातं त्याच पत्त्याचं. दोन खाती एकत्र करायच्या फंदात स्वतःहून पडू नका. २०२५ च्या सुरुवातीला ॲपलने एका खात्यातली खरेदी दुसऱ्यात हलवायची सोय सुरू केली, पण ती आणताना भारत त्यातून वगळलेला होता. खात्याचा देश बदलून ती मिळवायचा प्रयत्न तर मुळीच नको, कारण देश बदलला की आधीच्या देशात घेतलेली गाणी पुन्हा उतरवता येतीलच असं नाही. आधी ॲपल सपोर्टशी बोला, मग काय ते करा.

कंपनीने एखादं गाणं स्टोअरवरून काढून घेतलं असेल, तर ते यादीतूनही मिळत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

प्रश्न : स्पॉटिफाय प्रीमियमवर डाउनलोड केलेली गाणी पेनड्राइव्हवर कशी घ्यायची? (मनीषनगर)

उत्तर : घेता येत नाहीत. ती तुमची नाहीत, वर्गणी चालू असेपर्यंत ऐकायची परवानगी आहे. तीस दिवसांत एकदा इंटरनेटला जोडलं नाही तर ती वाजणंही बंद होतं.

प्रश्न : फ्लिपकार्टवर एके काळी गाणी मिळायची. मी तेव्हा साठ-सत्तर गाणी घेतली होती. ती आता फ्लिपकार्टच्या खात्यात दिसत नाहीत. (महाल)

उत्तर : दिसणारही नाहीत. ती सेवा ‘फ्लाइट’ नावाने फेब्रुवारी २०१२ मध्ये सुरू झाली आणि जून २०१३ मध्ये बंद पडली. घेतलेली गाणी उतरवून घ्यायला त्यानंतर ऑगस्टपर्यंत मुदत दिली होती. मात्र ती साधी एमपी३ होती, त्यांना कुलूप (म्हणजे ठरावीक ॲप किंवा खात्याबाहेर गाणं वाजू न देणारी बंदी) नव्हतं. तेव्हाचा कॉम्प्युटर, जुन्या फोनचं मेमरी कार्ड, सीडीवर घेतलेला बॅकअप, जे सापडेल त्यात शोधा. सापडली तर आज कुठेही वाजतील.

प्रश्न : गूगल प्ले म्युझिकवर विकत घेतलेली गाणी कुठे आहेत? मुलगा म्हणतो यूट्यूब म्युझिकमध्ये आहेत, मला तर दिसत नाहीत. (वर्धमाननगर)

उत्तर : मुलाचं अर्धं बरोबर आहे. प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झालं आणि २४ फेब्रुवारी २०२१ पासून गूगलने तिथला डेटा पुसायला घेतला. त्याआधी कुणी ‘ट्रान्सफर’चं बटण दाबलं असेल तरच गाणी यूट्यूब म्युझिकमध्ये गेली. ती शोधताना सर्चवर भिस्त ठेवू नका. ‘लायब्ररी’त जाऊन वरचा पर्याय ‘अपलोड्स’वर आणा, विकत घेतलेली गाणी तिथे ठेवलेली असतात. सापडली तर तिथेच ऐकत बसू नका. गूगल टेकआउट (आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलची सोय) उघडा, त्यात यूट्यूब आणि यूट्यूब म्युझिक निवडा, त्यातलं ‘म्युझिक अपलोड्स’ निवडा आणि फाइल्स कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. घरातली सगळी गूगल खाती तपासा. ट्रान्सफर त्या वेळी केलंच नसेल तर आता इलाज नाही.

प्रश्न : लॅपटॉप फार स्लो झाला आहे, बर्डीवरच्या दुकानात फॉरमॅटला द्यायचा आहे. त्यात आयट्यून्समध्ये दोनेक हजार गाणी आहेत, काही घेतलेली, काही आमच्या सीडींवरून भरलेली. दुकानदार म्हणून राहिला की सगळं क्लाउडवर असते, काही होत नाही. देऊ का? (प्रतापनगर)

उत्तर : देऊ नका. दिला असेल तर आत्ता फोन करून काम थांबवायला सांगा.

‘क्लाउडवर असते’ हे वाक्य मी रोज ऐकतो. ते म्हणणाऱ्याने तुमचं खातं एकदाही उघडून पाहिलेलं नसतं. तुमच्या दोन हजार गाण्यांपैकी ॲपलच्या दुकानात फक्त तुम्ही घेतलेल्या गाण्यांची नोंद आहे, आणि त्यातलीही जी आज दुकानात शिल्लक आहेत तेवढीच पुन्हा मिळतील. सीडीवरून भरलेली गाणी त्या यादीत नाहीत. दुसऱ्या दुकानांतून घेतलेली नाहीत. एखाद्या छोट्या कंपनीने काढलेली जुनी मैफल करार संपून स्टोअरवरून गेली असेल, तर तिची तुमच्याकडची एकमेव प्रत याच लॅपटॉपवर आहे. ती दुकानदार दहा मिनिटांत पुसणार आणि वर म्हणणार की लॅपटॉप कसा मस्त पळून राहिला बघा.

आधी काय काय आहे ते बघा. आयट्यून्समध्ये (नव्या विंडोज किंवा मॅकवर म्युझिक ॲपमध्ये) एखाद्या गाण्यावर उजवं क्लिक करा, ‘इन्फो’ उघडा आणि ‘फाइल’ या भागात ‘काइंड’समोर काय लिहिलंय ते वाचा. ‘पर्चेस्ड एएसी’ असेल तर ते तुम्ही घेतलेलं, बिनकुलपी गाणं आहे. ‘ॲपल म्युझिक एएसी’ असेल तर ते वर्गणीचं आहे, वर्गणी संपली की मुकं होणार. ‘प्रोटेक्टेड एएसी’ असेल तर ते जुनं कुलूपबंद आहे. ‘एमपीईजी ऑडिओ’ म्हणजे एमपी३, सीडीवरून किंवा दुसरीकडून आलेलं. या एका ओळीवरून तुमच्या मालकीचं काय ते कळतं. वीस-पंचवीस गाणी अशी उघडून पाहा, पुढचं सगळं लक्षात येईल.

मग ‘फाइल’, ‘लायब्ररी’, ‘ऑर्गनाइझ लायब्ररी’ असं जाऊन ‘कन्सॉलिडेट फाइल्स’ची खूण करा. डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये, इकडेतिकडे पडलेली गाणी त्यामुळे एका फोल्डरमध्ये जमा होतात. हा टप्पा लोक हमखास गाळतात. ‘म्युझिक’ फोल्डर कॉपी करतात आणि अर्धी गाणी डी ड्राइव्हवर राहिलेली असतात. जमा झाली की तो अख्खा फोल्डर दोन वेगळ्या जागी घ्या. आयट्यून्सचं गाणं मिनिटाला साधारण दोन एमबी घेतं, पाच मिनिटांचं गाणं दहा एमबी. म्हणजे दोन हजार गाणी वीस जीबीच्या आसपास. एवढ्यासाठी फार मोठी डिस्क लागत नाही, तेव्हा खर्चाचं कारण सांगू नका.

कॉपी झाली म्हणजे काम झालं असं नाही. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, पाच-सहा गाणी वाजवा, त्यातलं एक लांबलचक घ्या, आणि ते शेवटपर्यंत वाजतंय का ऐका. अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला व्यवस्थित वाजते.

आपल्या नागपुरात डिस्क ठेवायची कुठे हाही प्रश्नच आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि घरोघरी कूलर चालू असतात. कूलरच्या झोतातल्या टेबलावर डिस्क ठेवू नका, तिथली हवा सतत दमट असते. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच. आतल्या खोलीतलं कपाट बरं. एक प्रत तिथे, दुसरी भावाकडे किंवा मुलीकडे.

सगळ्यात जास्त नुकसान चालढकलीने होतं. दुकानं बंद पडतात, आणि पडताना ती नोटीस देतात. पण नोटीस जाते खात्याच्या जुन्या ईमेलवर, जो तुम्ही वर्षानुवर्षं उघडलेला नसतो. फ्लाइटने मुदत दिली होती, प्ले म्युझिकनेही दिली होती. दोन्ही वेळी लोक ‘दिवाळीच्या सुट्टीत करू’ म्हणत राहिले. २०२४ मध्ये एअरटेलचं विंक हे गाण्यांचं ॲप बंद झालं, तिथे तर बहुतेकांचं विकत घेतलेलं काही नव्हतंच. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून एकाएकी दिसेनाशी झाली, कारण दोन कंपन्यांचं करारावर जमलं नाही. ऐकणाऱ्याला त्यात कुणी विचारत नाही. स्वतःच्या डिस्कवरची फाइल मात्र कुणाच्या कराराने जात नाही. म्हणून मी एवढा आग्रह धरतो.

आणखी एक. फॉरमॅट झाल्यावर ‘रिकव्हरी करून देतो’ म्हणून कुणी पैसे मागेल. लॅपटॉपमध्ये एसएसडी (चिपवाली, न फिरणारी डिस्क) असेल तर पुसलेला भाग ती स्वतःच मोकळा करत जाते, परत काही मिळण्याची आशा फार थोडी. काही सापडलं नाही तर पैसे नाहीत, असं लिहून देणाऱ्याकडेच जा. त्याआधी लॅपटॉप वापरणं बंद करा आणि जाणकाराला दाखवा.

प्रश्न : काही गाणी ‘एम४पी’ आहेत, ॲण्ड्रॉइडवर वाजत नाहीत. कुलूप काढायचं सॉफ्टवेअर घ्यावं का? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : नको. आयट्यून्सचं दुकान भारतात डिसेंबर २०१२ मध्ये आलं. त्याच्या आधीच, २००९ पर्यंत, ॲपलने गाण्यांवरची कुलपं काढलेली होती. म्हणजे भारतातल्या खात्यावर घेतलेलं गाणं एम४पी असायचं कारण नाही. तुमच्याकडे ती आली असतील तर एक तर ॲपल म्युझिकच्या वर्गणीतून, नाही तर अमेरिकेतल्या कुणा नातेवाइकाच्या २००९ च्या आधीच्या खात्यावरून. वर्गणीचं असेल तर सोडून द्या. नातेवाइकाचं असेल तर त्यांनाच त्यांच्या खात्याने ‘पर्चेस्ड’ यादीतून पुन्हा उतरवायला सांगा, आता बिनकुलपी मिळण्याची शक्यता आहे.

‘स्वतःपुरतं कुलूप तोडलं तर चालतं’ असं सांगणाऱ्यांवर विसंबू नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं, त्यात हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. तुमच्या बाबतीत ते लागू पडतं का, हे वकिलाला विचारायचं.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर ४९९ रुपयांत ‘लाइफटाइम प्रीमियम’ मिळून राहिलं. घ्यायचं का? (नंदनवन)

उत्तर : घेऊ नका. ते दुसऱ्या कुणाचं तरी खातं असतं आणि कंपनीला कळलं की बंद होतं. पासवर्ड दिला असेल तर आजच बदला. बँकेचा तपशील दिला असेल तर बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

प्रश्न : बाबा मागच्या वर्षी गेले. त्यांना गाण्यांचं फार वेड होतं, आयट्यून्सवर पुष्कळ घेऊन ठेवली होती. ती आईला ऐकवायची आहेत. त्यांच्या खात्याचा पासवर्ड आमच्याकडे नाही. (रामदासपेठ)

उत्तर : खात्याच्या मागे लागण्याआधी त्यांचा कॉम्प्युटर बघा, ताई. तो विकू नका, फॉरमॅट करू नका, कुणाला देऊ नका. त्यांनी भारतातल्या खात्यावर घेतलेली गाणी त्यावर उतरवलेली असतील तर ती ‘एम४ए’ फाइल्स आहेत आणि कुठलाही पासवर्ड न मागता वाजतात. त्या कॉपी करून घ्या, आईच्या साध्या ॲण्ड्रॉइड फोनवरही चालतील. जुना आयपॉड असेल तर तोही जपा, पण नव्या कॉम्प्युटरला जोडताना ‘सिंक’ला होकार देऊ नका, त्यात आतली गाणी पुसली जातात. हे एखाद्या माहीतगारासमोर बसूनच करा.

फाइल्स कुठेच नसतील तर अडचण आहे. ॲपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ (आपल्या मागे खात्यातला डेटा मिळणारी व्यक्ती) नेमता येतो, पण त्यातून वारसाला फोटो, नोट्स असं मिळतं. विकत घेतलेली गाणी, सिनेमे आणि पुस्तकं त्यात येत नाहीत. तरी मृत्यूचा दाखला घेऊन ॲपल सपोर्टशी एकदा बोला. कागदपत्रांची वेळ आली तर वकिलाचा सल्ला घ्या.

प्रश्न : कारमध्ये पेनड्राइव्ह लावला की ‘नो फाइल’ येतं. घरी तर वाजतो. (हिंगणा रोड)

उत्तर : पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, पुष्कळ कार स्टिरिओंना ते वाचता येत नाही. त्यातली गाणी आधी बाजूला घ्या आणि मग तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. बत्तीस जीबीपर्यंतचा घेतला तर विंडोजमध्ये ते सहज होतं. फ्लॅक (उंची दर्जाच्या, मोठ्या) फाइल्स असतील तर कारसाठी त्यांची एमपी३ प्रत वेगळी करा, मूळ फाइल्स घरीच ठेवा. ‘दहा हजार गाणी भरून देतो’ म्हणणाऱ्याकडून भरून घेऊ नका. ती चोरीची असतात, दर्जा वाईट असतो, आणि सोबत व्हायरस येतो तो वेगळा. एवढं करून वाजलं नाही, तर गाडीचं मॅन्युअल घेऊन सर्व्हिस सेंटरला विचारा.