लूप सरकत का नाही?

प्रश्न : अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांच्या 'इट्स गॉना रेन'मध्ये (१९६५) एकच ध्वनिमुद्रित तुकडा दोनदा एकाच वेळी फिरत राहतो आणि हळूहळू स्वतःपासून सरकत जातो. ते ऐकून संगणकावर तसं करून पाहिलं. दोन सेकंदांचा एकच तुकडा दोन ट्रॅकवर लूप करून, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरत राहील असा, लावला, दुसऱ्याचा वेग किंचित कमी केला. तरी दर फेरीला दोन्ही पुन्हा जुळतात, वर 'टक' असा आवाज येतो. (सांगली)

उत्तर : सॉफ्टवेअर तुम्हाला नको असलेली मदत करतंय. तुकडा ताणून टेम्पोत (ठरलेल्या लयीत) बसवणारं टाइम-स्ट्रेच आणि ग्रिडला (पडद्यावर आखलेल्या मात्रांच्या रेषांना) चिकटवणारं स्नॅप, दोन्ही बंद करा. वेगाला हातच लावू नका. दुसरा तुकडा फक्त १० मिलिसेकंदांनी लांब कापा, म्हणजे २.०१० सेकंदांचा. ही वाढ मूळ ध्वनिमुद्रणातलीच हवी. कोरी शांतता जोडलीत तर दर फेरीला भोक पडल्यासारखं ऐकू येतं. 'टक' येतो तो लहर मध्येच तोडल्यामुळे. ती शून्यरेषा (आलेखातली मधली रेषा) ओलांडते तिथे कापा आणि दोन्ही टोकांना ५ मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळूहळू चढ-उतार) द्या.

आता दुसरा ट्रॅक दर फेरीला १० मिलिसेकंद मागे पडेल. सुरुवातीला आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो, चार-पाच फेऱ्यांत प्रतिध्वनी सुटा होतो, शंभराव्या फेरीच्या आसपास दोन्ही बरोबर अर्ध्यावर येऊन वेगळीच लय उभी राहते. ४०२ सेकंदांनी पुन्हा एकत्र. फरक ५० मिलिसेकंद ठेवलात तर सगळं ८२ सेकंदांत उरकतं, पण तो पोकळ टप्पा, खरी गंमत तिथेच असते, एका फेरीत निसटतो. पोकळपणा हवा तर दोन्ही ट्रॅक स्टिरिओच्या मध्यावर ठेवा. डावी-उजवीकडे टाकले तर आवाज पुढे असलेल्या ट्रॅककडे झुकलेला वाटतो.

तुकडा बोलण्याचा घ्या, क-ट-प अशा ठोस व्यंजनांचा. राइश यांनी रस्त्यावरच्या धर्मोपदेशकाचा आवाज घेतला होता. तानपुऱ्याचा लूप इथे वाया जातो. कुठे ठोकाच नाही, तर सरकलं हे कळणार कशावरून?

प्रश्न : अमेरिकन संगीतकार आल्विन लुसिअर यांच्या 'आय ॲम सिटिंग इन अ रूम' (१९६९) प्रमाणे बोलणं वाजवून पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करतोय. सगळं फोनवरच. खोलीचे सूर (खोलीत आपोआप जास्त घुमणारे सूर) उमटायच्या आधीच आवाज विरतो. (कुडाळ)

उत्तर : सलग चालणारा सूर फोनला गोंगाट वाटतो आणि फोन तो पुसून टाकतो. प्रक्रिया न करता वेव्ह फाइल देणारं ॲप किंवा साधा रेकॉर्डर वापरा. ऑटो-लेव्हल (पातळी आपोआप बदलणारं) आणि लो-कट (खालचे सूर गाळणारं) बंद. दर फेरीला सर्वोच्च पातळी मीटरवर उणे ६ डेसिबलवर (शून्याच्या वर आवाज फाटतो) आणा, नाहीतर आवाज एकतर बुडतो किंवा फाटतो. स्पीकर आणि माइक दोनेक मीटरवर ठेवले की हलवायचे नाहीत. गाद्या, पडदे बाहेर काढा. पंखा बंद, कारण त्याची घरघरही फेरीगणिक साठते. समोरासमोरच्या भिंतींत ३.५ मीटर अंतर असेल तर खोलीचा खालचा सूर सुमारे ४९ हर्ट्झ येतो, त्यावर ९८, १४७, १९६. फोनच्या स्पीकरमधून यातलं फारसं काही निघत नाही, तेव्हा किमान पाच इंची स्पीकर घ्या.