घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचं आहे. कोणतं घ्यावं, कुठे ठेवावं आणि सांभाळावं कसं?

तुम्ही लिहिलंय की ओट्यावर हातभर जागा आहे, दिवसाला दोन-तीन कप होतील, त्यातला एखादा दुधाचा, आणि मशीन कोणतं घ्यावं तेवढं ठरत नाहीये. माझं म्हणणं, मशीन सगळ्यात शेवटी ठरवा. आधी ग्राइंडर, मग पाणी, मग जागा. यातून जे पैसे आणि जी जागा उरेल त्यात बसेल ते मशीन. मी पहिल्या वेळी बरोबर उलटं केलं होतं. सगळे पैसे मशीनमध्ये घातले आणि बिया दळल्या पात्याच्या छोट्या मिक्सरमध्ये. पाणी आठ सेकंदांत धो-धो खाली यायचं, कप आंबट आणि पातळ. आठवडाभर मी मशीनलाच शिव्या देत होतो.

एस्प्रेसोत साधारण ९ बार दाबाचं, ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं पाणी दाबून बसवलेल्या पुडीतून जातं. सुरुवातीसाठी १८ ग्रॅम पूड, कपात उतरलेली ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद एवढं धरून चाला, पुढे जिभेला पटेल तसं बदला. या दाबाला अडवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे पूड. ती जाड-बारीक मिसळ असली तर पाणी सोपी वाट शोधून तिथूनच निसटतं. म्हणून ग्राइंडर बर्रचा, म्हणजे दोन दातेरी भागांमध्ये बिया भरडणारा हवा आणि दळण जाड-बारीक करायच्या त्याच्या खाचा बारीक टोकाला अगदी जवळजवळ हव्यात. एका खाचेने वेळ दहा सेकंदांनी उडी मारत असेल तर तो ग्राइंडर फिल्टर कॉफीला ठीक, एस्प्रेसोला नाही. चपटे बर्र की शंकूच्या आकाराचे, या वादात सध्या पडू नका. दोन-तीन कपांसाठी हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडरही चालतो. जागा वाचते, फक्त दंड भरून येतात.

खोक्यावरच्या ‘१५ बार’ला भुलू नका. तो पंपाचा कमाल जोर असतो. बऱ्याच मशीनमध्ये जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह असतो आणि पुडीवर त्याहून कमीच दाब पडतो. त्यापेक्षा बास्केट, म्हणजे पूड भरायची भोकांची वाटी, कोणती येते ते विचारा. दुहेरी तळाची, एकाच बारीक भोकातून कॉफी सोडणारी बास्केट वाईट दळणावरही फेस आणून दाखवते. फेस दिसतो, चव येत नाही. साधी एकेरी बास्केट सोबत आहे का, नसेल तर वेगळी मिळते का, हे आधी बघा. पोर्टाफिल्टर (बास्केट जिच्यात बसते ती दांड्याची पळी) ५८ मिलिमीटरचा असेल तर बास्केट, टॅम्पर (पूड दाबायचा ठोकळा) वगैरे सुटं सामान शोधताना धावपळ होत नाही.

तुमच्या गरजेला एका बॉयलरचं किंवा थर्मोब्लॉकचं, म्हणजे तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातून जाताना पाणी पटकन तापवणारं मशीन पुरे. एका बॉयलरमध्ये कॉफी काढल्यावर वाफेसाठी तापमान वर चढायची वाट बघावी लागते. दिवसाला एका दुधाच्या कपासाठी ते सोसवतं. दोन बॉयलर लागतात ते पाहुण्यांच्या रांगेला. १९६१ साली फाएमा या इटालियन कंपनीच्या मशीनमध्ये आलेला ई६१ ग्रुप (ग्रुप म्हणजे पोर्टाफिल्टर जिथे अडकवतात आणि पाणी जिथून येतं तो भाग) आजही कित्येक घरगुती मशीनवर दिसतो आणि दिसतो देखणा. पण ते पितळेचं धूड आहे, नीट तापायला अर्धा तास घेतं. सकाळी घाईत एक कप पिऊन पळणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये. (माझा जीव अजूनही त्याच्यावर आहे, ही गोष्ट वेगळी.)

जागेसाठी एक करा. मशीनच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं आठवडाभर ओट्यावर ठेवून त्याच्या आजूबाजूला स्वयंपाक करा. खोकं तिसऱ्या दिवशी खुपायला लागलं तर मशीनही खुपणार. उंची मोजताना पाण्याची टाकी वरून भरायची की मागून, हे विसरू नका. माझी टाकी वरून उघडायची आणि वर होतं कपाट, म्हणून रोज जड मशीन पुढे ओढावं लागे. त्याच कपाटाचा तळ वाफेने फुगला. पुढच्या बाजूला पोर्टाफिल्टरचा दांडा फिरायला जागा ठेवा आणि टॅम्प करायला न हलणारी कड. तापताना मशीन हजार वॉटच्या पुढे वीज ओढतं, तेव्हा एक्स्टेन्शन बोर्ड नको, जास्त भाराचा प्लग हवा.

आता पाणी, कारण मशीन बिघडतं ते बहुधा यामुळे. जड पाण्यातला क्षार बॉयलरमध्ये आणि बारीक नळ्यांत साचतो. माझ्या मशीनची वाफ मरगळली तेव्हा मी जोरात डिस्केलिंग केलं, म्हणजे आम्ल घालून क्षार काढला. सुटलेल्या खपल्या सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये (विजेवर उघड-बंद होणाऱ्या झडपेत) जाऊन अडकल्या आणि पाणीच बंद झालं. तेव्हापासून क्षार काढण्यापेक्षा तो होऊ न देण्याकडे माझं लक्ष असतं. पाण्याचा जडपणा मोजायच्या पट्ट्या मिळतात, त्या वापरा आणि गरज असेल तर पाणी मऊ करून घ्या. मात्र अगदी शुद्ध, डिस्टिल्डसारखं पाणीही नुसतं घालू नका. कॉफी सपक लागते आणि काही मशीनच्या बॉयलरमधल्या पातळीच्या सेन्सरला असं पाणी जाणवतच नाही, कारण त्यातून वीज नीट वाहत नाही.

बाकी रोजचं काम दोन मिनिटांचं. दूध गरम केल्याक्षणी वाफेची नळी ओल्या फडक्याने पुसायची आणि क्षणभर वाफ सोडायची. दूध वाळलं की खरवडत बसावं लागतं. कॉफी काढल्यावर ग्रुपमधून थोडं नुसतं पाणी सोडायचं. सोलेनॉइड असलेल्या मशीनला आंधळी, म्हणजे बिनभोकांची बास्केट लावून पाण्याने वरचेवर बॅकफ्लश (पाणी उलटं फिरवून ग्रुप आतून धुणं), आणि दोन-तीन आठवड्यांनी कॉफी मशीनच्या क्लीनिंग पावडरने. दाब सोडायची वाट नसलेल्या मशीनला हे करू नका, आधी पुस्तिका वाचा. इथे लोक एक घोळ घालतात: पावडर कॉफीचं तेल काढते, आम्ल क्षार काढतं. व्हिनेगर ओतून तेलाचा खवट वास जात नाही. पोर्टाफिल्टरच्या कडेने पाणी झिरपायला लागलं की ग्रुपमधलं रबरी गॅस्केट (गळती रोखणारं कडं) कडक झालंय असं समजा आणि बदला. स्वस्त असतं, घरी बसवता येतं. ग्राइंडरचे बर्र महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडा, पाणी लावू नका.

जुनं मशीन घेणार असाल तर विकणाऱ्याला ग्रुपची जाळी उघडून दाखवायला सांगा आणि पाणी कोणतं वापरत होता ते विचारा. जाळीमागे काळा चिकट थर असेल तर तो धुऊन निघतो. पाण्याच्या प्रश्नाला ‘नळाचंच, कधी काही केलं नाही’ असं उत्तर आलं तर मी तरी ते मशीन घेणार नाही.