डिसेंबरात लास व्हेगसहून डेथ व्हॅलीला जातोय. एका दिवसात पायी काय बघता येईल?

महिना छान निवडलात. उन्हाळ्यात तिथल्या सखल भागात सकाळी दहानंतर चालूच नका, असं खुद्द डेथ व्हॅली नॅशनल पार्कच सांगतं. लास व्हेगसहून गाडीने साधारण दोन तास लागतात, तेव्हा अंधारातच निघा आणि झाब्रिस्की पॉइंटवर सूर्योदय गाठा.

नंतरचा बराचसा वेळ मी तरी गोल्डन कॅन्यन या घळीलाच देईन. दोन्ही बाजूंना पिवळ्या मातकट भिंती, म्हणजे एका प्राचीन सरोवराचा गाळ आहे तो. वाट चढत जाते आणि शेवटी रेड कॅथीड्रलचा तांबडा कडा समोर उभा राहतो. जाऊन-येऊन जेमतेम पाच किलोमीटर, पण सावकाश चाला. अशी घडी पडलेली जमीन सह्याद्रीत बघायला मिळत नाही.

बॅडवॉटरचं मिठागर समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे. तिथे मागे वळून कड्यावर बघा, समुद्रसपाटी दाखवणारी पाटी बरीच उंचावर दिसेल. वेळ उरलाच तर मेस्कीटच्या वाळूच्या टेकड्या.

माणशी चार लिटर पाणी हवंच. फोनला रेंज बहुतेक ठिकाणी नसते, नकाशा आधीच उतरवून घ्या. पेट्रोल बाहेरच भरा. साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि थंडी लगेच जाणवते, स्वेटर गाडीत असू द्या.