१४ महिन्यांच्या बाळाच्या एमआरआयमध्ये 'मेंदूभोवती पाणी जास्त' असं आलंय. मेंदू आकसलाय का?

बहुधा नाही, बाळाचं डोकं वयाच्या मानाने मोठं असेल आणि बाकी वाढ नीट असेल, तर कपाळामागे दिसणारं हे जादा पाणी सहसा निरुपद्रवी असतं आणि २ वर्षांच्या आसपास कमी होत जातं. मेंदू आकसला तर डोक्याचा घेर मागे पडतो, इथे उलट असतं. म्हणून डॉक्टरांकडे नुसता रिपोर्ट नको, जन्मापासूनचे घेराचे आकडेही न्या (लसीकरणाच्या कार्डावर ती जागा बऱ्याचदा कोरीच असते!). आईवडिलांपैकी कुणाचं डोकं मोठं असेल तर तेही सांगा, हे घराण्यात चालतं. मात्र वारंवार उलट्या, सुस्ती, झटके, घेरात झपाट्याने वाढ किंवा जमत असलेलं जमेनासं होणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका, लगेच दाखवा.